गॅरेथ गेट्सवर हसण्याआधी

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. आणि आधीच सांगते, काही जणांना लागेल. मला लागून झालंय, कारण ज्यांच्यावर लिहितेय त्यांच्यात पहिली मी आहे.

परवाच्या गणपती कार्यक्रमानंतरची गोष्ट. लीड्समधला आपला नेहमीचा भाड्याचा हॉल. मुलांचं नाटुकलं झालं, टाळ्या झाल्या, व्हिडिओ नाशिक-पुणे-साताऱ्याला आजी-आजोबांकडे पोचलेसुद्धा. मग खुर्च्या आवरताना एक बाबा सांगायला लागले की त्यांच्या मुलाला म्हणे पुढे नाटकाचं शिक्षण घ्यायचंय. म्हणाले, "मी विचारलं त्याला, तुला काय आपल्या शेजारच्या ब्रॅडफर्डच्या गॅरेथ गेट्ससारखं व्हायचंय का? एक वर्ष टीव्हीवर राजा आणि मग जन्मभर नाटकात!"

सगळे हसलो. मीही. माझं हसणं जरा जास्तच मोठं होतं.

माझी लेक पलीकडे खुर्चीवर खुर्ची रचत होती. तेरा वर्षांची आहे, आत्ताच इयर नाईनमध्ये गेलीये. जीसीएसईला ड्रामा घेऊ का, असं तिनं उन्हाळ्यात विचारलं होतं आणि मी मान वर न करता "बिझनेस घे" म्हटलं होतं. त्यावर ती पुन्हा काही बोलली नव्हती. मला वाटलं, विषय संपला.

घरी येताना रिंग रोडवर मागच्या सीटवरून आवाज आला. फोनमध्ये बघत होती. "आई, तो अजून काम करतो गं. ट्वेंटी इयर्स झाली. मग तुम्ही हसलात कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. मी सीए आहे. उत्तर नसलं की मी आकडे काढते. त्या रात्री काढले. तेच तुमच्यासमोर मांडतेय.

ज्यांना आठवत नाही किंवा जे माझ्यासारखे नंतर इथे आले, त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरेथ गेट्स ब्रॅडफर्डचा. जन्म 1984 चा. लहानपणी ब्रॅडफर्ड कॅथीड्रलच्या गायकवृंदात गायचा. बोलताना अडखळायचा, तेही साधंसुधं नाही. 'पॉप आयडल'च्या पहिल्या चाचणीत परीक्षकांना स्वतःचं नाव सांगताना त्याची झालेली दमछाक सगळ्या देशानं बघितली. गायला लागला की मात्र अडखळणं गायब. फेब्रुवारी 2002 मध्ये अंतिम फेरी झाली, 87 लाखांच्या आसपास मतं पडली, त्यातली सुमारे 41 लाख याला. विल यंग पहिला आला, हा दुसरा. वय वर्षं 17. महिन्याभरानंतर त्याचं पहिलं गाणं आलं आणि थेट नंबर एकवर गेलं. दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्याच वर्षी आणखी गाणी नंबर एकला गेली. भिंतीभिंतीवर पोस्टर.

मग जे होतं ते झालं. 2007 च्या तिसऱ्या अल्बमपर्यंत लाट ओसरली होती. पोरींनी पोस्टर काढून दुसऱ्याचं लावलं. आपल्या त्या बाबांची गोष्ट इथे संपते. माझ्या मते ती इथे सुरू होते.

2009 मध्ये तो लंडनच्या वेस्ट एंडला, अडेल्फी थिएटरमध्ये, 'जोसेफ अँड द अमेझिंग टेक्निकलर ड्रीमकोट'मध्ये जोसेफ म्हणून उभा राहिला. त्याच वर्षाच्या शेवटी 'ले मिझराब्ल'च्या पंचविसाव्या वर्षाच्या दौऱ्यात त्याला मारियसची भूमिका मिळाली आणि पुढे तीच भूमिका त्यानं लंडनमध्येही केली. मग 'लीगली ब्लाँड'च्या दौऱ्यात वॉर्नर, मग 'फुटलूज'मध्ये विलर्ड. मध्येमध्ये ख्रिसमसचे पँटोमाइम, स्वतःचे गाण्याचे दौरे. दौरा म्हणजे काय ते सांगते. बहुतेक वेळा आठवड्याला आठ प्रयोग, त्यात दोन दिवस दुपारचाही. रविवारी बॅग भरायची आणि पुढचं गाव.

आता एक बारकावा बघा, जो मला त्या रात्रीपर्यंत कळला नव्हता. 'ले मिझराब्ल' जवळजवळ संपूर्ण गायलं जातं. अडखळणाऱ्या माणसाला ते तुलनेनं सोपं, कारण गाताना शब्द सुटतात. पण वॉर्नर काय किंवा विलर्ड काय, यांना बोलायला लागतं. विलर्ड तर विनोदी पात्र. विनोदात एक श्वास उशीर झाला की हशा गेला. ज्या मुलाला सतराव्या वर्षी स्वतःचं नाव घेता येत नव्हतं, तो मोठेपणी रोज संध्याकाळी हजारभर माणसांसमोर दुसऱ्या कुणाच्या तरी नावानं वाक्यामागून वाक्य बोलतो आणि लोकांना हसवतो. यासाठी त्यानं श्वासावर आधारलेला एक अभ्यासक्रम वर्षानुवर्षं केला आणि पुढे त्याच पद्धतीचा शिक्षक होऊन इतर अडखळणाऱ्यांना शिकवलं.

याला आपण 'पडला' म्हणतो! जिन्यावरून वर चाललेल्या माणसाला!

आता माझ्या धंद्याच्या भाषेत बोलते. समजा एखादी कंपनी माझ्याकडे आली. एका वर्षी लॉटरी लागल्यासारखा अफाट नफा, आणि मग पंधरा-वीस वर्षं मध्यम पण चालू उत्पन्न. कुठलाही शहाणा अकाउंटंट त्या पहिल्या वर्षाचा नफा बाजूला काढतो. तो अपवादात्मक. कंपनीची खरी ताकद बघायची तर दरवर्षी येणारं उत्पन्न बघायचं. आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षी हे शिकवतात. आणि आपण मुलांच्या बाबतीत नेमकं उलट करतो. अपवादात्मक वर्षाला 'यश' म्हणतो आणि चालू उत्पन्नाला 'अपयश'. माझ्याकडे असा ताळेबंद कुणी आणला असता तर मी सही केली नसती.

तुम्ही म्हणाल, तो एकटा तरला, अपवाद आहे. बरं, मग त्याच स्पर्धेचे पहिले तिघे घ्या. पहिला आलेला विल यंग वेस्ट एंडला 'कॅबरे'मध्ये एमसी झाला आणि 2013 मध्ये त्या कामासाठी ऑलिव्हिए पुरस्काराच्या नामांकनात आला. तिसरा आलेला डॅरियस 2005 पासून 'शिकागो'मध्ये बिली फ्लिन होता. 2022 मध्ये तो अकाली गेला, पण रंगभूमीवरचं त्याचं काम आहेच. तिघंही रंगमंचावर. आणि निक जोनस, आपल्या प्रियंकाचा नवरा? 2010 मध्ये लंडनला मारियस त्यानंही केला. त्याच्यावर हसतो का आपण? नाही, जावई आहे ना! तो मुळात लहानपणी ब्रॉडवेवर वाढलेला आणि 2025 मध्ये परत तिथेच नाटकात उभा राहिला. त्याला कुणी विचारलं नाही, "काय रे, इतकी वाईट वेळ आली?"

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. "नाव होतं म्हणून काम मिळालं. टीव्हीवर आला नसता तर कोण विचारतंय?" बरोबर. गावोगावच्या नाट्यगृहात तिकीट खपवायला निर्मात्यांना ओळखीचा चेहरा लागतो. पहिलं दार नावानं उघडतं, हे मी कबूल करते. पण पाचवं, सहावं दार? दहा वर्षांपूर्वीच्या पोस्टरसाठी कोण दुसऱ्यांदा तिकीट काढतं? नाव हा गुडविल असतो मंडळी, त्यावर दरवर्षी घसारा लागतो. पुढे जे उरतं ते कसब. आणि ते टीव्हीनं दिलेलं नव्हतं. ते कॅथीड्रलच्या थंडगार बाकावर, कुणी टाळ्या वाजवत नसताना, लहानपणी जमा झालेलं होतं.

आता येते मुख्य मुद्द्यावर. त्यासाठी ही पोस्ट.

आपल्याला मुलांची प्रसिद्धी चालते. मुलांचं काम चालत नाही.

आठवून बघा. 2009 मध्ये 'लिटिल चॅम्प्स'च्या वेळी भारतात काय नि बाहेर काय, आपण सगळे टीव्हीसमोर. कार्तिकी की आर्या, प्रथमेश की मुग्धा, का रोहित, यावर घराघरात वाद. ती मुलं आपलीच वाटत होती. आणि मग काही वर्षांनी हळूच प्रश्न, "काय करतात हो आता ती पोरं?" अहो, गातात! कार्यक्रम करतात, शिकतात. आर्या आंबेकर तर 2017 मध्ये 'ती सध्या काय करते'मध्ये नायिका झाली. ती सगळी कामात आहेत. आपण टीव्ही बंद केला म्हणून ती नाहीशी झाली नाहीत.

घरी काय करतो आपण? पाहुणे आले की "बाळा, ते गाणं म्हणून दाखव." मुलगी चार वर्षांची असताना तिचे व्हिडिओ तीन ग्रुपवर. ऑनलाइन स्पर्धेला 'माझ्या पिल्लाला मत द्या' म्हणून ऑफिसातल्या इंग्रज सहकाऱ्यांनासुद्धा लिंक. मी पाठवलीये, नाकारत नाही. या देशात शाळकरी मुलाला व्यावसायिक नाटकात उभं करायचं तर बहुतेक वेळा कौन्सिलचा परवाना लागतो. तालीम किती, विश्रांती किती, शाळा बुडते का, हे बघितलं जातं, सोबत मान्यताप्राप्त चॅपरोन असतो. आपल्या दिवाणखान्यात कसलाच परवाना लागत नाही. तिथे मूल केव्हाही, कितीही वेळा, कुणाहीसमोर उभं.

आणि तेच मूल तेरा-चौदा वर्षांचं होऊन म्हणालं, "मला हे नीट शिकायचंय," की आपले चेहरे बघण्यासारखे होतात. मग ते 'नाद' होतं. दहा वर्षं आपणच टाळ्या वाजवून ज्याला गोडी लावली, त्याला आपणच सांगतो की हे खरं नव्हतं, ते फक्त आमच्या पाहुण्यांसाठी होतं. आपल्याला मूल स्टेजवर हवं असतं ते शनिवारी संध्याकाळी, भरजरी कपड्यात, आजीच्या व्हिडिओपुरतं. सोमवारी त्यानं परत कोडिंग करावं.

यात आपण मराठी आहोत, हे तर फारच गमतीचं. आपल्याकडे गाणारा मुलगा नाटकात गेला की घसरला असं कधी म्हणत होते का? नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा, जन्म 1888 चा, 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. म्हणजे गॅरेथ ज्या वयात टीव्हीवर आला साधारण त्याच वयात. त्याला आपण बालगंधर्व म्हणतो आणि पुण्यात त्याच्या नावाचं नाट्यगृह आहे. मास्टर दीनानाथ, छोटा गंधर्व, सगळे लहान वयात गात गात रंगभूमीवर आले. तिथे जाणं म्हणजे वर जाणं होतं. ज्यांच्या पणजोबांनी नाट्यपदांसाठी रात्री जागवल्या, ती आपण माणसं आज लीड्सच्या हॉलमध्ये उभं राहून 'जन्मभर नाटकात' या दोन शब्दांवर हसतो.

हां, आणि बालगंधर्वांच्या कंपनीवर मोठं कर्ज झालं होतं, हे मला माहीत आहे. कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच, म्हणून आधीच सांगते. ते कर्ज कशानं झालं? उंची वस्त्रं, अत्तरं, सढळ हात आणि वहीकडे दुर्लक्ष. नाटक चालतच होतं. हिशेब चालत नव्हता. म्हणून मी मुलीला नाटक सोड म्हणणार नाही. वही ठेव म्हणेन. ते मला शिकवता येतं.

"सीए आहेस ना, मग पैशाचं बोल." बोलते, आणि गोड करून सांगत नाही. नटाचं उत्पन्न बेभरवशाचं असतं. बहुतेक जण स्वयंरोजगारित, दरवर्षी 31 जानेवारीच्या आत आपलं रिटर्न आपण भरायचं, एजंटचं कमिशन आपण द्यायचं, पेन्शन आपलं आपण बघायचं, आणि दोन कामांच्या मधले रिकामे आठवडे आपले आपण खायचे. बरेच जण मधल्या काळात शिकवतात, कॅफेत काम करतात, फोनवर बसतात. ज्यांना वाटतं की आपलं मूल गॅरेथसारखं गाजेल, त्यांनी तर अजिबात या रस्त्याला जाऊ नये. बहुतेक कुणीच तसं गाजत नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही माझ्याच वहीतली. हा काही हौशी मंडळींचा उद्योग नाही. या देशाच्या सरकारनं 2014 पासून नाट्यनिर्मितीला कॉर्पोरेशन टॅक्समध्ये सवलत ठेवलीये. 1 एप्रिल 2025 पासून तिचे कायमचे दर 40 टक्के, आणि दौऱ्यावर जाणाऱ्या नाटकांना 45 टक्के. दौऱ्याला जास्त, कारण लंडनबाहेरही नाटक पोचावं. आणि नाटक म्हणजे फक्त नट नव्हे. आपल्याच गावात बघा. ग्रँड थिएटर 1878 पासून उभं आहे, ऑपेरा नॉर्थ तिथेच असते. क्वारी हिलला लीड्स प्लेहाउस आहे. तिथे प्रकाशयोजना करणारे, कपडे शिवणारे, ध्वनी सांभाळणारे, रंगमंच व्यवस्थापक, आणि हो, अकाउंटंट, सगळे पगार घेतात. आपल्यातले किती जण तिथे वर्षातून एकदा तरी जातो? मोफत पार्किंग नाही म्हणून कंटाळा करतो आणि म्हणतो, नाटकाला भवितव्य नाही.

दुसरं, जीसीएसईचं गणित. इंग्रजी, गणित, विज्ञान सक्तीचं आहेच. ड्रामा घेतला म्हणून गणित जात नाही. आठ-नऊ विषयांतला एक विषय, तोही दोन वर्षं. त्या एका चौकोनासाठी मी जो चेहरा केला होता तो बघून कुणाला वाटलं असतं की मुलगी घर सोडून तमाशाच्या फडात चाललीये. (आणि तमाशाच्या फडातल्या बायकांनी घरं चालवलीत, पण ती वेगळी पोस्ट.)

माझं म्हणणं 'मुलांना नट करा' असं नाही. तुमचा मुलगा डॉक्टर होवो, माझ्या शुभेच्छा. माझं म्हणणं एवढंच की मापं बदला. मूल किती गाजलं ते विचारू नका. ते कशावर मेहनत घेतंय, आणि टाळ्या थांबल्यावरही घेतंय का, ते बघा. एखाद्याला सतराव्या वर्षी जगानं डोक्यावर घेतलं आणि बाविसाव्या वर्षी खाली ठेवलं. तो उठला, श्वास घ्यायला नव्यानं शिकला आणि रोज संध्याकाळी कामावर गेला. या माणसाची गोष्ट सांगून तुम्ही मुलाला घाबरवणार असाल, तर मुलाला काय कळतं सांगू? पहिला नंबर टिकला नाही तर आईबाबा आपल्यावर हसतील. भर हॉलमध्ये, खुर्च्या आवरताना.

माझ्या मुलीला तेच कळलं होतं. म्हणून उन्हाळ्यापासून ती गप्प होती. मी त्याला समजूतदारपणा म्हणत होते.

ऑप्शन्सचा फॉर्म वसंतात येईल. ड्रामा घ्यायचा असेल तर घे, मी सही करीन, असं मी तिला सांगितलंय. ती लगेच 'येस' म्हणाली नाही. म्हणाली, "बघू, अजून वेळ आहे." म्हणजे विश्वास बसलेला नाही. बसायला वेळ लागेल, तो माझ्या खात्यावरचा खर्च आहे आणि मी तो भरीन. तोवर पुढच्या महिन्यात दोघी प्लेहाउसला चाललोय. पार्किंगचे पैसे भरून.

आणि त्या बाबांना, जे ही पोस्ट वाचतायत हे मला माहीत आहे: दादा, राग मानू नका. तुमच्या वाक्यावर सगळ्यात मोठ्यानं मीच हसले होते. पण आज घरी गेल्यावर मुलाला एकदा विचारा, त्याला नाटकातलं नेमकं काय शिकायचंय. उत्तर यायला वेळ लागला तर मध्येच वाक्य पुरं करू नका. थांबा.

बाकी सगळ्यांनी कमेंटमध्ये खुशाल भांडा. फक्त हिशेब घेऊन या.